टसरच्या अंड्यांची रत्नमाला

माझ्या उभ्या आयुष्यात मला हेवा वाटला तो एकाच माणसाचा, पण तो इतका पुरला की दुसऱ्या कुणाचा करायला जागाच उरली नाही. तिचं नाव रत्नमाला वाघमारे. गावात ती रत्नी, कॉलेजात वाघमारे मॅडम, आणि आमच्या बाबांच्या तोंडी 'रत्ना'. माझं नाव इंदू. त्याचं आणखी मऊ रूप करावं असं बाबांना कधी सुचलं नाही.

तिच्याबद्दल सांगायचं तर मानेपासून सुरुवात करावी लागेल. तिची मान कायम डावीकडं कललेली असायची. पानाची खालची बाजू बघायची सवय लागली की माणसाची मान तशी होते. रस्त्यानं चालताना कुंपणाची मेंदी असो, बांधावरची रुई असो, ती हात घालून पान उलटं करणारच. "वरची बाजू तर सगळेच पाह्यतात," असं ती म्हणायची. पतंगाचं, फुलपाखराचं अंडं सापडलं की ते पानासकट खुडून टिकल्यांच्या रिकाम्या डबीत जायचं. ती स्वतः टिकली लावत नसे. डब्या आमच्याकडून गोळा करायची, आणि माझी टिकल्यांची डबी संपायच्या आधीच "झाली का वं?" म्हणून विचारायची. तिच्या पर्समध्ये कंगवा कधी नव्हता, पण अळ्या हमखास असायच्या.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या पुढं, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर. चहूकडं कापूस आणि ज्वारी. एकाच बौद्ध वस्तीत, एकाच बोळात आमची घरं. तिचे वडील केशवकाका पाटलाकडे सालदार होते. माझे बाबा गावच्या शाळेत मास्तर. संध्याकाळी आमच्या ओसरीवर वस्तीतली पोरं अभ्यासाला बसत आणि बाबा पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारत. एकदा त्यांनी विचारलं, लिंबावरचं फुलपाखरू लिंबाच्याच पानावर अंडी का घालतं? मी हात वर केला आणि म्हटलं, "अळ्यांना लिंबाची पानं आवडतात म्हणून." बाबांनी मान डोलावली आणि रत्नीकडं वळले. ती म्हणाली, "मी पाह्यलं न्हाई गुरुजी. पाह्यलं की सांगीन."

नंतर काही दिवस ती परसातल्या लिंबाखाली उकिडवी बसलेली असायची. मग एका संध्याकाळी सांगायला आली. "थे फुलपाखरू सगळ्या झाडायवर बसते गुरुजी. कढीपत्त्यावर बसते, जास्वंदीवर बसते. पानावर पाय आपटते अन् उडून जाते. लिंबावर पाय आपटले की मंगच अंडं घालते. पायानंच चव घेत असंल थे."

माझं उत्तर चुकलेलं नव्हतं. पण बाबांनी पुढं महिनाभर येईल त्या पाहुण्याला ते पाय आपटणं स्वतः बोटांनी करून दाखवलं. माझ्या उत्तराची गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, आणि सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही. हे मला तेव्हाच कळत होतं, हीच खरी अडचण होती.

पुढं आमचं सगळं जोडीनं झालं. शाळा, कॉलेज, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आदिलाबादच्या एकाच सरकारी कॉलेजात, एकाच विभागात आम्ही लेक्चरर म्हणून लागलो. लोक आमची नावं एका दमात घ्यायचे, पण तिचं आधी घ्यायचे. माझं इंग्रजी तिच्यापेक्षा चांगलं होतं. फळ्यावरचं अक्षरही माझंच चांगलं. तेलुगू तर मी दफ्तरातल्या माणसांना चाट पाडीन इतकी शिकले होते. वर्गात मी नीट, छापील मराठी बोलायची. ती मात्र जशी गावात बोलायची तशीच वर्गात बोलायची. "पाह्यल्याशिवाय बोलू नोको," हे तिचं वाक्य पोरं तिच्याच ढंगात म्हणून दाखवत. माझं कुठलंही वाक्य कुणी म्हणून दाखवलं नाही.

तिच्या डोक्यात टसरचं वेड शिरलं ते याच काळात. टसर म्हणजे रानातला रेशमाचा पतंग. आमच्या जिल्ह्यातल्या जंगलात ऐनाच्या झाडांना त्याचे कोश लटकलेले असतात. सगळ्यांना कोश दिसतो, कारण त्यात रेशीम असतं. हिला पतंगाचं अंडं दिसलं. वाटाण्याहून लहान, दोन्ही बाजूंनी चपटं, तपकिरी. भिंगाखाली धरलं तर त्याच्या कवचावर मधाच्या पोळ्यासारख्या बारीक चौकटी दिसतात. आईच्या पोटात असताना ज्या पेशींनी ते कवच बांधलं, त्या एकेका पेशीचा तो ठसा. "बांधणाऱ्या पेशी काम झालं की गळून जातात," ती पोरांना सांगायची. "घरात राह्यत न्हाईत. भिंतीवर फक्त त्यायची बोटं राह्यतात."

एका आषाढात आम्ही दोघी निर्मलला परीक्षेच्या कामाला गेलो होतो. परतताना तिनं वाटेत नेरडीगोंड्याला उतरून ओळखीच्या एका गोंड म्हाताऱ्याकडून कोश घेतले, तारेच्या टोपलीत ठेवले आणि आम्ही पुढच्या बसमध्ये बसलो. गाव मागं पडलं आणि घाटातच बस बंद पडली. दिवेलागण होत आली होती. तिच्या टोपलीतल्या एका कोशातून मादी बाहेर आली होती, हाताच्या पंजाएवढी, पिवळसर. पंख वाळवून ती स्वस्थ बसली होती.

मग बाहेरून नर यायला लागले. आधी एक खिडकीवर आपटला. नंतर दोन आले, मग मोजता येईनात. तांबूस, पंखांवर काचेसारखे डोळे असलेले ते पतंग टपाटपा बसमध्ये शिरले आणि बायकांनी पदर डोक्यावर घेतले. भैंशाचा एक कापसाचा व्यापारी समोरच्या बाकावर होता. त्यानं टॉवेल तोंडाला गुंडाळून विचारलं, "मॅडम, ये काटता है क्या?"

"इनको मुँह हीच नहीं है, सेठ," रत्नमाला म्हणाली. "खाते नहीं, तो काटेंगे कैसे?"

कंडक्टर तेलुगू होता. तो टोपलीकडं बोट करून म्हणाला, "एमिटम्मा इदि?" हे काय आहे बाई, असं.

तिची तेलुगू यथातथाच. तिनं जरा आठवलं आणि म्हणाली, "पेळ्ळी, अण्णा."

पेळ्ळी म्हणजे लग्न. सगळी बस हसली. भिऊन खिडक्या लावणारी माणसं खिडक्या उघडायला लागली. दुसरी बस येईपर्यंत ती दाराशी पायरीवर बसून सांगत राहिली, की ही मादी एक वास सोडते, तो आपल्याला येत नाही, पण कोसावरच्या नराला येतो. पोरासोरांपासून त्या व्यापाऱ्यापर्यंत सगळे तिच्याभोवती. मी मघाशीच पुढच्या बाकावर जाऊन बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमी अन् त्या एकाच कालेजातल्या ना?"

"हो," मी म्हटलं. "पण आमचे विषय वेगळे आहेत."

काही वर्षांनी पीएच.डी.साठी पगारी रजा देऊन हैदराबादला पाठवायची एक जागा आमच्या विभागाला आली. आम्ही दोघींनी अर्ज केले. मुलाखत इंग्रजीतून होती, म्हणून मला जरा धीर होता. तिथल्या प्रोफेसरांनी आम्हा दोघींनाही एकच प्रश्न विचारला, किड्याच्या अंड्याला कवच कशासाठी असतं? मी म्हटलं, संरक्षणासाठी, आणि संरक्षणाचे प्रकार क्रमानं सांगितले. ते समाधानानं ऐकत होते.

रत्नमाला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. नंतर तिनंच सांगितलं. इंग्रजी अडलं तेव्हा तिनं टेबलावरचा कागद ओढून चित्र काढलं आणि म्हणाली, कवच मजबूत असणं सोपं आहे सर, पण नुसतं मजबूत असून भागत नाही. आत हवा गेली पाहिजे, पाणी मात्र बाहेर येता कामा नये. नराचं बीज आत जायला एक बारीक भोक पाहिजे. आणि दिवस भरले की आतल्या नाजूक अळीला ते कुरतडता आलं पाहिजे. एकाच भिंतीनं हे सगळं करायचं, तर तिच्या विटा किती तऱ्हेच्या असतील? आणि इतक्या तऱ्हा आल्या कुठून?

प्रोफेसर म्हणाले म्हणे, हेच तर मला माहीत नाही.

आमच्या दफ्तरात निजामाच्या काळातली भाषा बोलणारा एक म्हातारा कारकून होता. त्यानं मला व्हरांड्यात गाठून अदबीनं सांगितलं, "वाघमारे मॅडम की रुखसत मंजूर हो गई. आप की अगले साल देखेंगे." पुढच्या साली जागा आलीच नाही. रजा तिची आणि तिचे तास माझे. तिच्या वर्गातली पोरं मला विचारायची, वाघमारे मॅडम परत कधी येणार?

ती हैदराबादला अंड्यांची कवचं विरघळवत होती. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. त्या कवचातली प्रथिनं गंधकाच्या दुव्यांनी एकमेकांना अशी जखडलेली असतात की साध्या कशालाही दाद देत नाहीत. ते दुवे तोडणाऱ्या रसायनाला सडक्या अंड्यांचा वास येतो. तो तिच्या साड्यांत इतका मुरला की सुट्टीत ती गावी आली की आमची आई दारातच विचारायची, "रत्ने, आंघोळ केली का वं?" विरघळलेली प्रथिनं एका लिबलिबीत पातळ वडीतून विजेच्या प्रवाहानं पळवायची. लहान पुढं जातात, मोठी मागं राहतात. मग निळा रंग दिला की पट्टे उमटतात. टसरचे पट्टे, तुतीच्या रेशीमकिड्याचे, एरंडावरच्या किड्याचे आणि आमच्या कापसावरच्या बोंडअळीचे, असे तिनं शेजारी शेजारी लावले. वेगवेगळ्या किड्यांच्या कवचांत एकाच घराण्यातली प्रथिनं आहेत, एका मूळ जीनच्या नकला होत होत हे घराणं वाढलं आहे, हे तिला दाखवायचं होतं. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर, "पाह्यलंच न्हाई," म्हणायची. माझं लग्न झालं होतं; नवऱ्याच्या जेवणाची वेळ, मुलीचा ताप, सासूचे पाय, यांतलं काही तिच्या दिवसात नव्हतं. लोक तिची कीव करत. मला ती करता आली असती तर बरं झालं असतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका प्रशिक्षणासाठी मी हैदराबादला होते. तिच्या संस्थेच्या ग्रंथालयात तिची वाट बघत बसले होते. तिथल्या माणसानं नुकतंच आलेलं एक परदेशी नियतकालिक माझ्या हातात दिलं. "वाघमारे मॅडम हे रोज विचारतात," म्हणाला. मी चाळलं आणि मधल्याच एका लेखावर थांबले. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं दुसऱ्या दोन पतंगांच्या कवचाच्या जीनची घराणी लावून दाखवली होती. तिच्या प्रथिनांच्याही पुढं जाऊन, थेट जीन वाचून. तिला जे सिद्ध करायचं होतं ते सिद्ध झालं होतं. फक्त तिच्या हातून झालं नव्हतं.

ते नियतकालिक घेऊन मी जिना चढले. माझी पावलं जड नव्हती. मला तिचा चेहरा बघायचा होता.

तिनं ते उभ्या उभ्याच वाचलं, मान कललेली ठेवून. तिचे गाईडही तोवर आले होते. त्यांनी खांद्यावरून वाचलं आणि चष्मा काढून स्टुलावर बसले. रत्नमालेनं शेवटचं पान उलटलं, पुन्हा पहिलं काढलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हंजे खरंच हाय वं हे."

"काय खरं आहे?"

"मले वाटे मी उगाच भावकी जुळवून राह्यली का काय. या लोकायले माह्यं नावबी माहीत न्हाई, अन् त्यायलेबी थेच दिसलं." तिचे डोळे ओले झाले होते आणि ती हसत होती. "सर, तुमी काऊन असे बसले? त्यायनं आपला टसर कुठं पाह्यला?"

त्या दिवशी तिनं गाईडसाठी चहा मागवला, त्यांची समजूत घातली आणि दुपारी मेसमध्ये माझ्या ताटातली भाकरीही खाल्ली. मी डोकं दुखतंय म्हणून खोलीवर गेले. तिचं यश मला सोसलं होतं. तिचं हरणं तिला हरण्यासारखं वाटलं नाही, हे मात्र सोसवेना. माणसाकडं हेवाच नसला तर त्याच्याशी बरोबरी करायची तरी कुठं?

तिचा प्रबंध लांबला. रजा संपल्यावर ती आदिलाबादला परत आली आणि उरलेलं काम आमच्या कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत करायला लागली. खिडकीच्या काचा कापून तिनं वड्या ओतायचा साचा केला. वीज सारखी जायची, म्हणून ती पहाटे यायची. वासाची बाटली पहिल्यांदा उघडली त्या दिवशी प्राचार्यांनी छतात उंदीर मेला म्हणून शिपायाला माळ्यावर चढवलं. तो दुपारपर्यंत उंदीर शोधत होता. तेव्हा कुठं रत्नमालेला भान आलं आणि ती बाटली हातात घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेली. "सर, उंदीर हा हाय," म्हणाली. प्राचार्य कडक माणूस. मला वाटलं, आता खोली गेली. त्यांनी नाकाला रुमाल लावून सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी खोलीला पंखा बसवून दिला, बाहेर वारा फेकणारा. मी त्याआधी दोन वर्षं प्रयोगशाळेसाठी तोच पंखा मागत होते.

तिला डॉक्टरेट मिळाली त्या वर्षी बाबा आजारी पडले. त्यांचं पोट खात गेलेलं ते दुखणं होतं. आई त्याआधीच गेली होती, म्हणून मी त्यांना गावाहून माझ्या घरी आदिलाबादला आणलं. औषधं, पथ्य, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं मीच केलं. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. मुलगी होते, केलं. पण त्या महिन्यांत ते माझ्याशी दुखण्यापलीकडं काही बोलले नाहीत. उशी सरकव, पाणी दे, दार लोट, एवढंच.

एका रविवारी सकाळी रत्नमाला आली. हातात फळं वगैरे काही नाही. बाबांच्या खाटेवरच बसली. बाबा म्हणाले, "रत्ना, तुझा तो प्रबंध मला समजेल असा सांग."

"सांगतो गुरुजी. अंड्याचं कवच म्हंजे भित. तिच्या विटा म्हंजे प्रथिनं. अन् वीट पाडायचा साचा असते ना, थो जीन. लय लय आधी एकच साचा होता. मंग कधीतरी चुकून त्याची नक्कल झाली. घरात दोन साचे झाले. एकानं जुनं काम चालू ठेवलं. दुसऱ्याले काही कामच न्हाई, थो मोकळा. मोकळा म्हनून जराक बदलला, त्याची वीट येगळी निघाली. जिथं हवा पाह्यजे तिथं थे बरी बसली. मंग पुन्हा नक्कल, पुन्हा बदल."

"म्हणजे भावकी वाढली."

"भावकीच. आमच्या वाघमाऱ्यायचंच पाहा ना. कोनी गोरा, कोनी काळा, कोनी ठेंगना. पन नाक सगळ्यायचं एकच. तसंच या प्रथिनायचं. मधातला भाग सगळ्यायचा सारखा, टोकं तेवढी येगळी. त्या नाकावरून मी वळखलं."

मी पेजेची वाटी घेऊन दारात उभी होते. बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "सगळ्याच नकला कामाला येतात?"

"न्हाई गुरुजी. कितीक बिघडतात. त्यायची वीट निघतच न्हाई. तशाच पडून राह्यतात."

"त्याही भावकीत धरायच्या?"

"धराच लागते. नाक तर थेच असते."

बाबा हसले. अगदी ओसरीवरचं, दात दिसतील असं हसले. पोटावर हात दाबून धरला, दुखत होतं म्हणून, पण हसायचे थांबले नाहीत. मी वाटी तिपाईवर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत राहिले. इतके महिने मी त्यांच्या उशाशी होते आणि ते हसू मला मिळालं नव्हतं. ती एक तास बसली आणि घेऊन गेली. जाताना स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, "इंदे, गुरुजीले पेज भरवली मी. सगळी खाल्ली." माझ्या हातून ते अर्धी वाटी खात.

बाबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. गावी नेलं. बुद्धवंदना झाली. मला रडू आलं नाही, कारण करायची कामं होती. रत्नमाला मात्र विहाराच्या पायरीवर बसून मोठमोठ्यानं रडली आणि गावातल्या बाया तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. परगावच्या एका पाहुण्यानं माझ्या नवऱ्याला विचारलं, "मास्तरांची मुलगी तीच का?"

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिला आसामातून बोलावणं आलं. तिथं टसरचाच एक भाऊबंद असतो, सोनेरी रेशमाचा मुगा. त्याच्या अंड्यांवर काम करायला तिथल्या एका संस्थेत जागा होती. सरकारी नोकरी, पेन्शन सोडून ती गेली. सगळ्यांनी वेड्यात काढलं. मी काढलं नाही. मला विचारलं असतं तर मी गेले नसते, पण मला कुणी विचारलं नसतं हेही खरं. ती गेल्यावर अडगळीची खोली पुन्हा अडगळीची झाली. पोरं मला वाघमारे मॅडमचा पत्ता विचारायची आणि मी द्यायची.

काही वर्षांनी ती तिकडेच वारली. रानातल्या कामात ताप आला, तो डोक्यात चढला. कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तिच्या नावावर लेख किती, हे मी नंतर विचारलं नाही. फार नव्हते बहुतेक. टसरच्या कवचातल्या विटांची भावकी तिनं लावली, त्यात पुढं इतरांनी भर घातली. शास्त्रात असंच चालतं.

ती आसामातून एकदाच गावी आली होती. केशवकाका थकले होते, त्यांना बघायला. मीही माझ्या मुलीला घेऊन गावी गेले होते. चारू तेव्हा आठ-नऊ वर्षांची, हट्टी, अभ्यासात बरी, माझं एक न ऐकणारी. परतताना आम्ही तिघी जैनथच्या रस्त्याला बसची वाट बघत उभ्या होतो. दोन्ही बाजूंना कापूस गुडघ्याच्या वर आलेला. रत्नमाला काळवंडली होती. केस बरेच पांढरे. मला म्हणाली, "तू तशीच हाय वं." ती स्तुती होती की काय कळलं नाही.

मग बोलता बोलता ती बांध ओलांडून कपाशीत शिरली आणि तिच्यामागं चारू. मी म्हटलं, "चारू, बस येईल. फ्रॉक मळेल." कुणी ऐकलं नाही. दोघी उकिडव्या बसल्या. रत्नमालेनं कोवळ्या शेंड्याचं एक पान अलगद वळवून धरलं. मोहरीहून लहान असं काहीतरी त्यावर असणार. तिनं भिंग चारूच्या हातात दिलं.

"काय दिसते?"

"पांढरं आहे."

"अजून पाह्य. घाई न्हाई."

चारू भिंग पुढं-मागं करत राहिली. मग म्हणाली, "रेघा आहेत मावशी. खरबुजासारख्या. वरपासून खालपर्यंत."

"पाह्य बरं. आता सांग, थ्या रेघा कोनं काढल्या असतील?"

चारूनं मान कलती केली. या पोरीला घरी एका जागी पाच मिनिटं बसवता बसवता माझा जीव जात असे. बाबा तिचे झाले होते, तेवढ्यानं भागलं नव्हतं. आता ही.

लांबून बस आली. मी हाका मारल्या, दोघींना, एकदा, दोनदा. रत्नमालेनं मागं न बघताच हात वर केला, जराक थांब, असा. बस माझ्यासमोर उभी राहिली. दार उघडलं. चढणारी मी एकटीच दिसत होते. कंडक्टर म्हणाला, "एक्कंडम्मा," चढा म्हणून, आणि घंटीच्या दोरीला हात घातला.

मी दाराचा दांडा धरला. शेतात दोन डोकी एका पानावर वाकलेली होती, एक पांढरं, एक दोन वेण्यांचं. दोघींपैकी कुणीही वर बघत नव्हतं.

"कोंचम आगंडी, अण्णा," मी कंडक्टरला म्हटलं. "जरा थांबा. आमची माणसं आहेत ती."